काळा ग्रॅनाइट, दोन उंच्यांचा ओटा आणि नळाचं भोक

दगडाला पाच तारे, दुकानाला साडेचार, बसवणाऱ्याला तीन. या तिनातला एक तारा नंतर वाढवून दिलेला आहे, कशाबद्दल ते ओघात येईलच.

मी सिंहगड रस्त्याला राहते आणि घरून डबे देते. सकाळी दीडशेच्या आसपास पोळ्या, दोन भाज्या, वरण किंवा आमटी, भात. शनिवारी भाकरी आणि पिठलं किंवा भरीत. श्रावणात आणि होळीला पुरणपोळीच्या ऑर्डरी असतात. तेव्हा माझा ओटा म्हणजे माझं दुकान आहे आणि हे सगळं त्याच नजरेनं लिहिलेलं आहे. ज्यांच्या घरी सकाळी दोन कप चहा आणि रात्री मूगडाळ खिचडी एवढंच होतं, त्यांना यातलं निम्मं लागणार नाही. त्यांनी खुशाल रंग बघून दगड घ्यावा.

आमची इमारत १९९७ची. बिल्डरने तेव्हा दिलेला ओटा कडप्प्याचा होता, वर कडप्पा, खाली उभे पाय कडप्प्याचे, मधले कप्पेही कडप्प्याचेच. सासूबाईंचा त्यावर जीव. भाकरी थापायला तो गार लागतो म्हणायच्या, आणि ते खरंही होतं. पण कडप्पा ही मुळात चुनखडी. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ काहीही आंबट सांडलं आणि तासभर राहिलं की दगडाचा वरचा थर खाल्ला जातो आणि तिथे निस्तेज पांढुरका डाग कायमचा बसतो. आमच्या सिंकच्या डाव्या हाताला असे डाग एकात एक मिसळून गेले होते. शेगडीजवळ तर पापुद्रे सुटायला लागले होते. एकदा पोळीच्या पिठात काळी कपची सापडली, माझ्या हाताला लागली म्हणून बरं. डब्यात गेली असती तर गिऱ्हाईकच गेलं असतं. त्या आठवड्यात ओटा बदलायचं ठरलं.

दगडासाठी कात्रज-कोंढवा रस्त्याला गेलो. पुण्यातले मार्बल-ग्रॅनाइटवाले तिथे रांगेनं बसलेत, यार्डात स्लॅब उभे करून ठेवलेले असतात. भाव सगळीकडे पाच-दहा रुपयांच्या फरकानं सारखाच. तुम्हाला किती वेळ बघू देतात आणि काय काय करू देतात, फरक पडतो तो त्यात. मी पर्समध्ये नेलपॉलिश काढायचं द्रव आणि पांढरा कापूस घेऊन गेले होते. काळ्या ग्रॅनाइटमध्ये रंगवलेला माल पुष्कळ येतो. मूळचा करडा दगड काळ्या रंगात बुडवून, तेल चोळून चकचकीत करतात, आणि घरी वर्षभर साबण लागला की तो परत करडा होतो. कोपऱ्यात कापसानं जोरात घासलं की कळतं. पहिल्याच यार्डात ‘जेट ब्लॅक’ म्हणून दाखवलेल्या स्लॅबवर कापूस काळा झाला. विक्रेता म्हणाला, धूळ आहे, वहिनी. मी दुसरा कापूस घेऊन धुतलेल्या जागी घासला. तोही काळा. मग त्यानं आम्हाला चहा विचारला.

ज्या दुकानाला साडेचार तारे दिलेत तिथले शेठ मूळचे राजस्थानचे, पण पंचवीस वर्षं पुण्यात आहेत आणि मराठी माझ्या मुलापेक्षा बरं बोलतात. कापूस बघून हसले आणि म्हणाले, “घासा की वहिनी, दगड तुमचा होणारे.” कापूस पांढरा राहिला. मग त्यांनी स्वतःच स्लॅब थोडा तिरका करून उन्हात धरायला लावला. समोरून सगळेच दगड देखणे दिसतात, तिरक्या उजेडात बारीक भेगा, पुट्टी भरून बुजवलेले खड्डे, पॉलिशचे कमी-जास्त पट्टे दिसतात. मागची बाजूही बघायची. पाठीवर जाळी चिकटवलेली असेल तर दगड मुळात कमजोर आहे असं समजायचं, त्यात सिंक कापायच्या फंदात पडू नये. जाडी टेपनं एकाच ठिकाणी मोजू नका. आमच्या स्लॅबला एका टोकाला १८ मिलिमीटर होती, दुसऱ्या टोकाला साडेसतरा, एवढं चालतं. शेजारच्या एका स्लॅबला मात्र १५ निघाली, आणि भाव तोच.

अर्धा तारा कापला तो स्लॅबच्या हिशोबासाठी. आमचं स्वयंपाकघर इंग्रजी एल आकाराचं आहे. लांब भिंत दहा फूट, आखूड सहा. शेठच्या मुलानं कॅल्क्युलेटर बडवून तीन स्लॅब सांगितले. आमचे हे निवृत्त ड्राफ्ट्समन, त्यांनी तिथेच बिलाच्या पाठीवर आखणी केली. नऊ फुटी दोन स्लॅब, रुंदी २७ इंच. एकातून साडेचार आणि चार फुटांचे दोन तुकडे, दुसऱ्यातून साडेपाच फुटांचा एक, आणि त्याच्या उरलेल्या साडेतीन फुटांत खिडकीची चौकट. ओट्याची रुंदी साडेचोवीस ठेवली की कडेनं अडीच इंचांची पट्टी उरते, ती पुढच्या कडेखाली चिकटवायला. दोन स्लॅब पुरले. मुलगा म्हणाला, तुकडा फुटला तर? यांनी विचारलं, “फुटला तर जबाबदारी कोणाची?” तेव्हा शेठ मध्ये पडले आणि दोनाचं बिल झालं. आमच्या स्लॅबांच्या पाठीवर मी खडूनं खूण केली, कारण यार्डात पसंत केलेला दगड आणि टेम्पोतून उतरलेला दगड एकच असेल असं गृहीत धरायचं नसतं.

काळाच का, हे मला सगळ्यांनी विचारलं. त्याआधी मी चार दगडांचे तुकडे घरी आणले होते. काळा ग्रॅनाइट, पांढरट ग्रॅनाइट, पांढरा क्वार्ट्झ आणि मोरबीला बनणाऱ्या जाड पोर्सिलेन स्लॅबचा तुकडा. चारांवर हळद कालवलेलं तेल, लिंबाची फोड आणि कोकमाचं आगळ रात्रभर ठेवलं. सकाळी पांढरट ग्रॅनाइटनं तेल पिऊन काळपट गोल धरला होता. पांढऱ्या क्वार्ट्झवर लिंबाचं काही झालं नाही, कोकमाचंही नाही, पण हळदीची पिवळी छटा राहिली ती दोनदा घासूनही पूर्ण गेली नाही. मग भाकरीचा तवा, शेगडीवरून उतरवलेला, तसाच चारांवर ठेवला. क्वार्ट्झवर फिकट तपकिरी कडं उमटलं. तो दगड म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी रेझिन. रेझिन म्हणजे प्लास्टिकच की, दीडशे अंशांच्या पुढे त्याचा काय भरवसा. भाकरीचा तवा त्याहून कितीतरी गरम असतो. ज्यांना प्रत्येक वेळी खाली जाळी ठेवायची सवय आहे त्यांनी क्वार्ट्झ घ्यावा, छान दिसतो. मी सकाळी सात वाजता जाळी शोधत बसणार नाही.

पोर्सिलेनच्या तुकड्यानं सगळं सोसलं, हळद, तवा, आगळ. त्याची कड मात्र वरवंट्याच्या एका हलक्या टोल्यानं उडाली, आणि आतला रंग वरच्यापेक्षा वेगळा निघाला. आरपार एका रंगाची जातही मिळते म्हणतात, पण ती कापणारा कारागीर वेगळा, त्याची हत्यारं वेगळी, दर वेगळा.

क्वार्ट्झबद्दल आणखी एक बाब माझ्या मनात होती. हा बनवलेला दगड कापताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका फार, आणि ती फुप्फुसात जाऊन कामगारांना सिलिकोसिस होतो. ऑस्ट्रेलियानं याच कारणानं १ जुलै २०२४पासून असा दगड बनवायला, विकायला, बसवायला बंदी घातली. आपल्याकडे तोंडाला रुमाल बांधून पोरं ग्राइंडर चालवतात. नैसर्गिक ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, पण बरीच कमी, आणि ज्याला बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणतात तो भूगर्भशास्त्राच्या हिशोबानं बहुतेकदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, त्यात मोकळा क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाच, अगदी थोडा. तरीही मी अट घातली होती की जे कापायचं ते यार्डात, पाणी सोडून कापायचं. कोरडं ग्राइंडर माझ्या बाल्कनीत चालणार नाही. यामागे कामगाराची काळजी होती आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले पापडही होते.

काळ्या रंगाची तक्रार अशी की पाण्याचा थेंब दिसतो, पीठ दिसतं, बोट लागलेलं दिसतं. मला ते दिसायलाच हवं. आमच्या शेजारी करीमनगरकडचा टॅन ब्राउन बसवलाय. तांबूस-काळे ठिपके, त्यावर अख्खी मोहरी सांडली तरी सापडत नाही आणि मुंगीही दिसत नाही. पाहुण्यांच्या घरात चालेल. मी लोकांना जेवण घालते, एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी आहे, मला ओट्यावर काय आहे ते लांबून कळलं पाहिजे. ब्लॅक गॅलॅक्सीही बघितला, आंध्रात चिमकुर्तीला निघणारा, त्यातले सोनेरी ठिपके सुंदरच असतात. पण त्याच्या पायी चौरस फुटाला सत्तर रुपये जास्त मोजायचे आणि वर पोळपाट ठेवायचा, मन होईना. गंमत म्हणजे आपण सगळे बेसॉल्टवर राहतो, घरातला पाटा-वरवंटाही बेसॉल्टचाच, आणि ओट्याचा दगड मात्र आंध्र, तेलंगण, कर्नाटकातून ट्रकनं येतो.

लेदर फिनिश दाखवलं होतं. हातांना खरखरीत-मऊ लागतं, टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग त्यावर दिसत नाहीत, ही मोठी सोय. पण बारीक खळग्यांत बेसनाचं पीठ वाळलं की नखानं काढावं लागतं, हे एका मैत्रिणीकडे बघितलं होतं. साधं पॉलिशच घेतलं.

आता उंची. या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे आणि दुकानात तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. मॉड्युलर किचनवाल्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये ओटा ८५० मिलिमीटरला ठोकून ठेवलेला असतो, म्हणजे साडेतेहेतीस इंच. बाई पाच फुटांची असो की पावणेसहा. माझी उंची पाच फूट एक इंच. कोपर वाकवून उभी राहिले की जमिनीपासून कोपरापर्यंत अडतीस इंच भरतात. भाजी चिरायला, डबे भरायला त्याच्याखाली पाचेक इंच बरं पडतं, म्हणजे तेहेतीस. पण पोळी लाटताना जोर खांद्यातून खाली जातो, त्याला आणखी खाली हवं. आणि शेगडी? ओट्यावर ठेवायची शेगडी स्वतःच पाच इंच उंच, तिच्यावर आठ इंचांचं पातेलं. तेहेतिसावर तेरा, म्हणजे पातेल्याचा काठ सेहेचाळिसाला, माझ्या खांद्याच्या जरा खाली. दीडशे पोळ्या आणि दोन पातेली रोज अशी करायची तर मानेचा पट्टा कायमचा.

म्हणून ओटा दोन उंच्यांचा केला. दहा फुटी भिंतीवर डावीकडचा साडेचार फुटांचा भाग २९ इंचांवर, तिथे शेगडी आणि तिच्या शेजारी पोळपाट. पुढचा साडेपाच फुटांचा भाग आणि सिंकची बाजू ३३ला. मॉड्युलरवाला मुलगा कळवळला. “मॅडम, लाइन तुटते.” मी म्हटलं, “माझी कंबर तुटते, बाळा.” खालच्या भागात तीनऐवजी दोनच ट्रॉल्या बसल्या, एवढी किंमत पडली. अंगभूत हॉब, म्हणजे ओटा कापून त्यात बसवायची शेगडी, घेतला असता तर उंचीचा प्रश्न थोडा कमी झाला असता हे खरं, पण दूध उतू गेलं की हॉबच्या कापलेल्या कडेतून खाली जातं, आणि माझ्याकडे दूध, पिठलं, पुरणाचं यळवणं, सगळं उतू जाणारंच असतं.

पायरीच्या जागी चार इंचांची उभी पट्टी आली. ती मी साडेचार इंचांची करायला लावली, म्हणजे वरच्या ओट्याच्या काठावर अर्धा इंच उंच राहते आणि वरचं पाणी खाली शेगडीकडे ओघळत नाही. सगळा वरचा भाग सिंककडे किंचित उतरता ठेवलाय. किती, तर गोटी ठेवली की सावकाश निघते एवढा. जास्त उतार दिला की वाटीतली आमटी एका बाजूला झुकलेली दिसते.

खालचे कडप्प्याचे पाय जुनेच ठेवले. मॉड्युलरवाल्यांना सगळं फोडून प्लायचे बॉक्स लावायचे होते, पण पाय ठणठणीत होते, पाण्यानं कडप्प्याचं काही होत नाही, आणि वाळवी त्याला लागत नाही. शेगडीच्या बाजूचे पाय चार इंच कापून घेतले, बस. वरचा कडप्पा फोडायला सकाळचे चार तास लागले. सोसायटीत दुपारी आवाज करायला बंदी आहे, त्यामुळे मजूर दोन तास जिन्यात झोपले.

दगड यायच्या आधी गॅसचा आणि विजेचा पॉइंट ठरवून घ्या. आमच्याकडे एमएनजीएल या गॅस कंपनीची पाइपलाइन आहे, तिचा नळ हलवायचा तर कंपनीचाच माणूस लागतो, प्लंबरला हात लावू देऊ नये. तो येऊन पाइप खाली सरकवून गेला आणि मगच पुढचं काम सुरू झालं. मिक्सरचा सॉकेट नव्या ओट्याच्या वर नऊ इंचांवर घेतला. जुन्या ओट्यापासून मोजून खूण केलेली होती, ती पुसायला लावली.

मापासाठी बसवणारा टेप घेऊन आला आणि दोन मिनिटांत निघाला. आमचे हे म्हणाले, गुण्या लावला का? गुण्या लावल्यावर दिसलं की कोपरा काटकोनात नाहीच. आखूड भिंत सहा फुटांत जवळजवळ एक इंच बाहेर पळते. मागच्या फटीवर डाडोची, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीची, टाइल येणार असते, टाइल आणि खालचा माल मिळून अर्धा इंच फट झाकली जाते, त्यापेक्षा जास्त असेल तर पांढरं सिमेंट भरतात आणि ते दोन वर्षांत काळं होऊन पडतं. मग खोक्याच्या जाड पुठ्ठ्याचा फर्मा केला, भिंतीला टेकवून, पेन्सिल फिरवून, आणि तोच फर्मा यार्डात गेला. या कामात बसवणाऱ्यानं कुरकुर केली नाही. उलट म्हणाला, अशी गिऱ्हाइकं असली की दगड एकदाच कापावा लागतो.

कापणी उत्तम झाली. सिंक ओट्याच्या खालून लावायचं होतं, म्हणजे कापलेली कड उघडी राहते आणि तिला आतूनही पॉलिश लागतं. त्यानं कोपऱ्यात आधी गोल भोकं पाडून मग सरळ रेघ कापली. कोपरे चौकोनी ठेवले की भेग तिथूनच सुरू होते. सिंकच्या पुढे दगडाची जेमतेम तीन इंचांची पट्टी उरते, सगळ्या ओट्यात सर्वांत नाजूक जागा ती. वाहतुकीत मोडू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या क्लॅम्पनं आवळल्या. आमच्या लिफ्टमध्ये साडेपाच फुटांचा तुकडा वाकड्यानंही मावेना, तो जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर आला. या दगडाचं वजन चौरस फुटाला पाच किलोच्या आसपास, म्हणजे एकट्या त्या तुकड्याचं पंचावन्न. दोघांनी उभा धरून आणला. ग्रॅनाइट कधीही आडवा उचलायचा नाही, स्वतःच्याच वजनानं मध्ये तडकतो. सासूबाई जिन्यात उभ्या राहून “सांभाळून रे” म्हणत होत्या, त्यामुळे दोघंही दोनदा थांबले.

पुढच्या कडेला खाली पट्टी चिकटवून जाडी दुप्पट केली आणि अर्धगोल फिरवला. पूर्ण गोल केला की पाणी कडेवरून वळून थेट ट्रॉल्यांवर येतं. पट्टीच्या खालच्या अंगाला कटरनं एक बारीक खाच मारून घेतली, पाणी तिथे अडतं आणि जमिनीवर ठिबकतं. या खाचेचे त्यानं वेगळे पैसे लावले नाहीत. मागितल्याशिवाय मारलीही नसती.

आता त्याचे तारे का गेले ते.

एक, नळाचं भोक. सिंकमागे नळासाठी दगडाला भोक पाडताना त्यानं अंतर उघड्या भिंतीपासून मोजलं. भिंतीवर नंतर टाइल आली. नळाचा दांडा मागे ढकलला की गरम पाणी येतं, आता तो दांडा पूर्ण मागे जायच्या आधीच टाइलला खटकन लागतो. अर्ध्या इंचाचा खेळ. पण दगडातलं भोक सरकत नाही. मी दाखवल्यावर म्हणाला, “मॅडम, थोडा आगे का नल ले लो.” म्हणजे चूक त्याची आणि नळ मी घ्यायचा. शेवटी बाजूला दांडा असलेला नळ आणला, त्याचे पैसे त्याच्या बिलातून कापले, यावरून अर्धा तास वाद झाला आणि तो अजूनही मिटलेला नाही असं त्याचं म्हणणं आहे.

दोन, पायरीचा जोड. कोपऱ्यातला जोड त्यानं दगडाची भुकटी घालून काळ्या इपॉक्सीनं भरला, तो आज बोटाला लागत नाही. पण पायरीच्या उभ्या पट्टीच्या तळाला संध्याकाळची घाई होती म्हणून पारदर्शक सिलिकॉन ओढून गेला. शेगडीशेजारी रोज ओला फडका फिरतो, तिथे पहिल्याच पावसाळ्यात सिलिकॉनखाली काळी बुरशी धरली. व्हिनेगर झालं, ब्लीच झालं, जाईना. काळ्या दगडावर काळी बुरशी कोणाला दिसते, असं फोनवर ऐकायला मिळालं. मी फोटो पाठवले. पुन्हा पाठवले. गणपतीच्या आधी एका रविवारी मात्र तो स्वतः आला, सगळं सिलिकॉन पात्यानं खरवडलं, जागा दिवसभर पंख्याखाली वाळवली, संध्याकाळी परत येऊन इपॉक्सी भरली. पैसे घेतले नाहीत. पोळी-भाजी खाऊन गेला. वाढलेला तारा त्या रविवारचा.

तिसरी एक बारीक तक्रार आहे, पण तिच्यासाठी तारा कापत नाही. सिंकच्या मागच्या बाजूची आतली कड नीट पॉलिश केलेली नाही. तिथे म्हणे कोण बघतं. बघत कोणी नाहीच, पण रोज स्पंज फिरवताना बोटांना खरखर लागते आणि महिन्याला एक स्पंज फाटतो.

वर्षभराच्या वापराबद्दल. तवा थेट ठेवते, कढईही ठेवते, काही झालं नाही. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, कशाचाही डाग नाही. नारळ ओट्याच्या कडेवर फोडायचा मोह होतो, तो कोणालाही होऊ देत नाही, त्यासाठी पाटा आहे. बिल झाल्यावर शेठनी एक सीलरची बाटली विकायचा प्रयत्न केला होता, दर वर्षी लावा म्हणून. घेतली नाही. घट्ट काळ्या दगडावर पाण्याचे चार थेंब टाकून पंधरा मिनिटं ठेवले आणि पुसल्यावर खाली गडद डाग उरला नाही तर सीलर कशाला? फिकट ग्रॅनाइट घेतलात तर मात्र जरूर लावा. टँकरच्या पाण्याचे पांढरे ठिपके नळाभोवती येतात, ते लिंबाच्या सालीनं जातात, जुन्या कडप्प्यावर असं करायची सोयच नव्हती.

उंचीचा निकाल दुसऱ्याच आठवड्यात कळला. मान दुखायची थांबली. सासूबाई पाच फुटांच्याही आत आहेत, त्या आता खालच्या भागाशी उभ्या राहून भाकरी थापतात, पूर्वी पाट ठेवून त्यावर चढायच्या. गारवा कडप्प्याएवढा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि अजून सांगतात. सून एक दिवस आली होती, साडेपाच फुटांची, तिला खालचा भाग अर्थातच फार खाली पडला. ती वरच्या भागाला कोशिंबीर करत होती.

खर्च लिहिते, म्हणजे कोणी विचारायला नको. दगड चौरस फुटाला २१० रुपये, दोन स्लॅब मिळून साडेचाळीस फूट, म्हणजे साडेआठ हजार. कडेचं मोल्डिंग रनिंग फुटाला ९० रुपये, चौदा फूट. सिंकची कापणी आणि आतलं पॉलिश १२००. बसवण्याची मजुरी उक्ती ९०००, त्यातून नळाचे वजा. टेम्पो आणि जिन्याची हमाली २५००. फोडकाम आणि राडारोडा उचलणं वेगळं. क्वार्ट्झचा भाव नुसत्या दगडाचाच चौरस फुटाला ६५० सांगितला होता. बसवणाऱ्याला मजुरीतले दोन हजार रुपये पावसाळा होईपर्यंत द्यायचे नाहीत असं आधीच बोलून ठेवलं होतं. शेठना ते फारसं आवडलं नव्हतं. पण तो रविवारी आला त्यात त्या दोन हजारांचाही हात असावा.

त्याच माणसाला वरच्या मजल्यावरच्यांनी बोलावलंय. मी त्यांना सांगितलंय की कापायला तो चांगला आहे, पण आधी मागच्या भिंतीला टाइलचा एक तुकडा टेकवून धरा, नळाचं अंतर त्या टाइलपासून मोजायला लावा, आणि भोक पाडेपर्यंत स्वयंपाकघरातून हलू नका.